बाईंचा दुसरा हजेरीपट

बाई शाळेत आल्या की आधी भिंतीचा वास घ्यायच्या.

कुलूप निघायच्या आधी, फळ्यावर तारीख पडायच्या आधी, एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन त्या कंपाउंडच्या भिंतीकडेने चालत निघायच्या. दर दहा पावलांवर थांबायच्या, नाक वर करायच्या, दोनदा हुंगायच्या आणि पुढे सरकायच्या. भिंतीपलीकडे गोदाम होतं. शाळेच्या तिन्ही बाजूंना गोदामंच होती आणि चौथ्या बाजूला कंटेनरचा रस्ता. भिवंडीहून दापोड्याकडे जाताना असली गावं ओळीने लागतात. आधी भातखाचरं होती, आता पत्र्याची छपरं आहेत, आणि मधेच दाढेत शीत अडकावं तशी जिल्हा परिषदेची शाळा अडकलेली असते.

फेरी संपली की वहीत नोंद व्हायची: तारीख, वार, वास. बहुतेक दिवशी 'वास: नाही.' कधी 'रंगाचा', कधी 'जळक्या रबराचा'. एकदा नुसतंच 'लग्नाच्या हॉलचा' असं लिहिलेलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की आदल्या दिवशी शेजारी अगरबत्तीचा माल उतरला होता.

शाळांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री वगैरे असतातच. बाईंच्या शाळेत वासमंत्रीही होती. या पदाला निवडणूक नव्हती, परीक्षा होती. डोळे बांधून फिनेल, लसूण, खोबरेल आणि शाई ओळखायची. त्या वर्षी ती परीक्षा चौथीतल्या एका मुलीने पहिल्या नंबराने पास केली होती, आणि शेंगदाण्याच्या लाडवासारख्या तिच्या छोट्याशा नाकाबद्दल अख्ख्या शाळेत आदर होता.

बाई वज्रेश्वरीकडच्या शेतकरी घरातल्या. अंगाने भरलेल्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या शेजारी शिट्टी. शिट्टी त्या आंघोळीलाही काढत नसाव्यात. वर्गात त्यांची मराठी पुस्तकात छापल्यासारखी असायची. वर्गाची पायरी उतरल्या की हाय-न्हाय सुरू. आता त्या निवृत्त झाल्या आहेत. पण शिट्टी अजून गळ्यात आहे, हे मी परवाच पाहून आले.

त्यांची माझी पहिली भेट चांगली झाली नाही.

मी तेव्हा एका छोट्या संघटनेचं काम करायचे. काम म्हणजे पत्रकं लिहायची, छापून आणायची, वाटायची आणि भिंतींवर चिकटवायची. बावीस वर्षांची होते आणि मला वाटायचं, या देशात जे काही बिघडलंय ते लोकांना पुरेशा मोठ्या अक्षरात सांगितलेलं नाही म्हणून बिघडलंय. शाळांच्या भिंतीला खेटून रसायनांचे ड्रम ठेवतात, वरून वायरी लोंबतात, गेटासमोर कंटेनर उलटे घेतात, आणि पंचायत म्हणते आमचं काम नाही, पोलीस म्हणतात तक्रार द्या, वीजवाले म्हणतात अर्ज करा. हे पाहून माझं डोकं तापायचं. आजही तापतं. त्यावर मी पत्रक लिहिलं होतं: 'आमच्या लेकरांच्या जिवाशी खेळणारे हात कोणाचे?' त्याचा गठ्ठा घेऊन मी बाईंच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे खिचडीच्या तांदळाची पोती, एक लोखंडी कपाट आणि एक टेबल.

बाईंनी पत्रक घेतलं, चष्मा लावला, लाल पेन काढलं. मला वाटलं सही करतायत. त्यांनी दोन शुद्धलेखनाच्या चुका गोल केल्या, शेवटी एक रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'राग – दहापैकी दहा. पत्ता – शून्य.'

मी विचारलं, पत्ता कसला.

"पोस्टात टाकायचं तर पत्ता लागतो ना? हे कुनाला लिवलंय? वायरमननं वाचलं तर त्यानं उठून काय करायचं? हवालदारानं काय करायचं? निस्तं वाईट वाटून घ्यायचं?"

मी म्हटलं की समाज जागा झाला पाहिजे. बाई म्हणाल्या, "समाज शनवारी साडेअकराला येतो. तू पन ये."

तिथे मला त्यांचा दुसरा हजेरीपट दिसला.

पहिला हजेरीपट मुलांचा. दुसरा मोठ्यांचा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मुलं घरी गेली की चौथीच्या वर्गात, मुलांच्याच बसकरांवर मांडी घालून मोठी माणसं बसायची. गावचे पोलीस पाटील, बीटवरचे हवालदार, ग्रामसेवक, वायरमन, अग्निशमन केंद्राचा एक जवान, आशाताई, खिचडी शिजवणाऱ्या ताई, समोरचा चहावाला, शेजारच्या गोदामाचा मॅनेजर आणि त्याचा वॉचमन. बाई उभ्या राहून हजेरी घ्यायच्या. नावाने नाही, कामाने.

"वायरमन."

"हजर."

"काल आलेला का निस्ता आज आला?"

"काल पन आलतो बाई. पेटीला झाकन लावलंय."

मग बरोबरची खूण. खूण मिळाली की पन्नाशीचा वायरमन चौथीतल्या पोरासारखा खूश व्हायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

जो आला नाही त्याला सोमवारी दुपारच्या सुट्टीत चिठ्ठी जायची. छापील वाटावी अशी सुबक, बाईंच्या हातची: 'आपण शनिवारी गैरहजर होता. कारण पालकांच्या सहीने कळवावे.' आणि ती चिठ्ठी शाळेतली मुलांची एक जोडी घेऊन जायची. चौकी, पंचायत, गोदामाचं गेट, सगळं रस्त्याच्या याच बाजूला, हाकेच्या अंतरावर. तरी मला ते पटलं नव्हतं. मी तोंडावर सांगितलं की मुलांना असल्या कामाला लावणं चूक आहे. बाई म्हणाल्या, "मोठ्या मानसाला मोठ्या मानसाची लाज वाटत न्हाय. पोराची वाटते."

त्यात खोटं काही नव्हतं. एकदा हवालदार आले नाहीत. सोमवारी दुसरीतली दोन पोरं चौकीत जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली. पुढच्या बैठकीला हवालदार आले ते वर्दीच्या खिशातून घडी केलेला कागद काढत: 'माझा मुलगा बंदोबस्ताला होता, सबब येऊ शकला नाही.' खाली त्यांच्या आईची सही, थरथरत्या अक्षरात. बाईंनी ती वाचून वहीत चिकटवली. कोणी हसलं नाही. हवालदारांच्या आईचं अक्षर पाहून हसायची कोणाची हिंमत नव्हती.

बैठकीत भाषण करायला बंदी होती. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा बाईंनी मनगटावरचं घड्याळ मला दाखवलं. तिथे फक्त वस्तूंबद्दल बोलायचं: वायर, गेट, कुलूप, ड्रम, खड्डा. अग्निशमनवाला एकदा म्हणाला की गल्लीच्या तोंडाशी वायर इतकी खाली आहे की आमची गाडी आतच शिरणार नाही. वायरमन म्हणाला, ती आमची न्हाय, केबलवाल्याची हाय. बाईंनी पेन उघडलं.

"केबलवाल्याला हजेरीवर घ्या."

पुढच्या महिन्यात केबलवाला मांडी घालून बसला होता, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात वायर वर गेली होती. मी याच वायरवर तीन पत्रकं काढली होती. मला राग आला. वायर वर गेली याचा नव्हे, इतक्या सहज गेली याचा.

हजेरीपटाच्या शेवटी माझंही काम लिहिलं गेलं होतं. 'पत्रकवाली.' मी हजर म्हणायचे आणि खूण घ्यायचे. खोटं कशाला सांगू, मलाही आवडायचं.

मुलांची कवायत महिन्यातून एकदा, न सांगता व्हायची. तीन लांब शिट्ट्या वाजल्या की प्रत्येकाने आपापल्या जोडीदाराचा हात धरायचा आणि बाहेर पडायचं. बाईंचं एकच सूत्र होतं आणि ते मुलं पाढ्यासारखं म्हणायची: दप्तर सोडायचं, चप्पल सोडायची, हात सोडायचा नाही. मैदानात शेवग्याला एक बांबू बांधला होता, त्याच्या टोकाला बाईंच्या जुन्या साडीची किनार. किनार जिकडे उडते तिकडे जायचं नाही. पहिलीतल्या पोरालाही विचारा, सांगेल.

आता माझ्या आणखी एका पत्रकाबद्दल. हे लिहायचं टाळता आलं असतं, पण मग बाईंबद्दल लिहिण्यात अर्थ नाही.

गोदामवाल्यांनी शाळेच्या भिंतीला लागून निळे ड्रम रचले होते. कसले, तर साफसफाईच्या औषधाचे, असं मॅनेजर म्हणाला. ड्रम हलवीन, असं त्याने बसकरावर बसून कबूल केलं. पुढच्या बैठकीत म्हणाला अर्धे हलवले, बाकीचे जागा झाली की हलवतो. बाईंनी वहीत 'अर्धे' असं लिहिलं आणि अर्धी खूण दिली. खरंच अर्धी, नुसती तिरकी रेघ.

मला ते सहन झालं नाही. अर्धी खूण म्हणजे काय? मुलं अर्धी जळणार आहेत का? महिनाभर बाकीचे ड्रम तिथेच राहिले, तेव्हा पुढच्या बैठकीच्या दोन दिवस आधी मी पत्रक काढलं. मॅनेजरचं नाव, फोटो, आणि वर लाल अक्षरांत एकच शब्द: 'खुनी'. गोदामाच्या गेटावर, बसस्टॉपवर, चहाच्या टपरीवर चिकटवलं. बाईंनाही एक दिलं. त्यांनी लाल पेन काढलं नाही. पत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "तो आता येनार न्हाय."

तो आला नाही. मालकाने त्याला शाळेचे फोन घ्यायलाही मना केलं होतं. हजेरीपटावर त्याच्यापुढे रिकामी चौकट राहिली. वॉचमन मात्र नेहमीसारखा येऊन मागच्या बसकरावर बसला.

सोमवारी दुपारी मी बाईंच्या ऑफिसात भांडत होते. माझ्या पत्रकात एक शब्द खोटा असेल तर दाखवा, असं मी म्हणत होते, आणि बाई तांदळाच्या पोत्याला टेकून मला बोलू देत होत्या. तेवढ्यात वासमंत्री दारात आली.

"बाई, आज डोळ्यांना वास येतोय."

मला वाटलं, पोरगी काहीतरी बोलतेय. बाई मात्र उठल्या होत्या. बाहेर आल्या, नाक वर केलं, एकदाच हुंगलं. किनार गावाच्या दिशेने फडफडत होती, म्हणजे रस्ता ओलांडून उलटीकडे, देवळाकडे जायचं. मग तीन लांब शिट्ट्या.

पुढचं सगळं इतकं शांतपणे झालं की मला त्या शांततेचीच भीती वाटली. खिचडीच्या ताईंनी गॅस बंद केला. मुलं जोडीजोडीने निघाली, ताटं तशीच, दप्तरं तशीच. आमच्याआधी चहावाला रस्त्यावर पोचला होता. त्याने टपरीचं बाकडं उचलून रस्त्यात आडवं टाकलं आणि एका कंटेनरसमोर हात पसरून उभा राहिला. ड्रायव्हरने खिडकीतून शिवी दिली, मग अनवाणी पोरांची रांग दिसली तशी इंजिन बंद केलं. वायरमनला फोन गेला आणि आम्ही रस्ता ओलांडायच्या आत गोदामाची वीज गेली. गावाबाहेरच्या गावदेवीच्या देवळामागच्या मैदानात पोचलो. मागे वळून पाहिलं तर भिंतीपलीकडून पांढरट वाफ वर येत होती, तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तशी.

नंतर कळलं ते असं. माझं पत्रक मालकाने पाहिलं आणि फर्मान काढलं की सगळे ड्रम आजच्या आज हलवा. जिथे चार दिवस लागायचे तिथे एक दिवस. घाईत फोर्कलिफ्टचा दात एका ड्रममध्ये घुसला.

मैदानात बाई जोड्या मोजत होत्या. शेवटपर्यंत गेल्या, परत पहिल्यापासून आल्या. मग त्यांचा हात गळ्यातल्या शिट्टीवर गेला आणि तिथेच राहिला.

"एक जोडी कमी."

मी म्हटलं, वर्गात राहिली असतील, मी जाते. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"वर्गात न्हाय. मीच पाठवली. चिठ्ठी घेऊन, मॅनेजरकडे."

आयुष्यात मी बाईंना खाली बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या देवळाच्या पायरीवर बसल्या. मुलं एकमेकांचे हात धरून उभी होती. हवालदार तोवर आले होते. मी गोदामाकडे धावले तर त्यांनी दंडाला धरून मला मागे ओढलं. मॅनेजरला फोन लावला. वाजत राहिला, पण उचलला नाही. शाळेचा फोन, आशाताईंचा फोन, शेवटी माझा. माझा तर तो कशाला उचलेल? मी त्याला खुनी छापलं होतं. त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की पत्रकाला पत्ता असतोच. आपण लिहिला नाही तर ते भलत्याच घरी जातं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. अग्निशमनची गाडी आली आणि गल्लीत सरळ शिरली. वायर वर होती. जवान तोंडावर मास्क चढवत होता, आणि मी त्याच्या पायांकडे बघत होते, कारण बाईंकडे बघवत नव्हतं.

आणि मग गोदामाच्या पार पलीकडून, वजनकाट्याच्या बाजूने, शिट्टी वाजली. लांब. परत लांब. परत लांब.

बाई उठल्या. कितीतरी महिन्यांपूर्वी त्यांनी दोन शिट्ट्या आणल्या होत्या; एक गळ्यात घातली होती आणि दुसरी गोदामाच्या वॉचमनला दिली होती. तो उत्तर प्रदेशातला, पोरंबाळं गावाकडे. दर बैठकीला मागच्या बसकरावर बसायचा, हजेरीला नुसता हात वर करायचा आणि कधी एक अक्षर बोलायचा नाही. मला वाटायचं त्याला मराठी कळत नाही.

हवालदारांनी मला मोटरसायकलवर मागे घेतलं आणि वाऱ्याच्या उलट बाजूने लांबचा वळसा घालून आम्ही काट्यावर पोचलो. ट्रक तोलायच्या त्या भल्यामोठ्या लोखंडी पाटावर वॉचमन मधोमध उभा होता. एका हाताला एक मुलगी, दुसऱ्या हाताला दुसरी. त्यांचे जोडीतले हात एकमेकींत होतेच, म्हणजे तिघांचा मिळून एक गोल झाला होता. समोरच्या केबिनवर बॅटरीवर चालणारे लाल आकडे चमकत होते.

"छोड़ती ही नहीं हाथ," वॉचमन मला म्हणाला, जणू त्याचीच तक्रार होती. "तो मैंने कहा, चलो, तीनों का वज़न साथ में।"

आकडा होता एकशे दहा.

चिठ्ठी मोठीच्या मुठीत होती, घामाने भिजलेली. बाजूलाच मॅनेजर जमिनीवर बसून खोकत होता, डोळे लालबुंद. आतल्या शेवटच्या हमालाला बाहेर काढून तो नुकताच येऊन बसला होता. मुलींनी वॉचमनचा हात सोडला तो तेवढ्यासाठी. मोठी त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने चिठ्ठी वाचून दाखवली. आपण शनिवारी गैरहजर होता. कारण पालकांच्या सहीने कळवावे. मॅनेजर हसायला लागला, मग त्याला परत खोकला आला, मग तो हसत होता की रडत होता ते कळेना. वॉचमनने आणि मी मिळून त्याला मोटरसायकलवर चढवलं आणि हवालदार त्याला दवाखान्यात घेऊन गेले.

मैदानात परत आल्यावर बाईंनी दोघी मुलींना जवळ घेतलं नाही, की रडल्या नाहीत. आधी जोड्या परत मोजल्या. पहिलीपासून शेवटपर्यंत. पूर्ण. मग त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की शेजारी उभ्या वासमंत्रीच्या वेणीची रिबीन हलली. पर्समधून वही काढून नोंद केली: 'वास: डोळ्यांना. मुलं: सगळी. काटा: एकशे दहा.'

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी तीन वेळा जेवले. आईने विचारलं, काय झालंय तुला? काही नाही म्हटलं आणि परत भात घेतला.

पुढचा शनिवार महिन्याच्या शेवटचा नव्हता, तरी बाईंनी सगळ्यांना बोलावलं. बसकरं कमी पडली. मॅनेजर आला, सोबत आईच्या सहीची चिठ्ठी घेऊन. मालक येऊन दाराशी उभा राहिला, बाईंनी त्याला बसायला लावलं. ड्रम गेले होते, सगळे, आणि भिंतीपासून वीस पावलं मोकळी सोडायचं त्याने लिहून दिलं. त्याला पूर्ण खूण मिळाली. वॉचमनला हजर म्हणायची पाळी आली तेव्हा तो हळूच म्हणाला, "हजर हाय." त्याला मराठी येत होती.

सगळी हजेरी झाल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं नाही.

"मुख्याध्यापिका," त्यांनी पुकारलं. आणि स्वतःच उत्तर दिलं, "गैरहजर."

पर्समधून कागद काढून तो त्यांनी वासमंत्रीच्या हातात दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या एस.टी.ने वज्रेश्वरीकडे आपल्या आईकडे जाऊन आल्या होत्या. 'माझी मुलगी सोमवारी शाळेत होती, पण तिची अक्कल गैरहजर होती. जिथे मोठ्याने जायचं तिथे तिने लेकरं पाठवली. पुन्हा असं होणार नाही.' खाली नव्वदीच्या म्हातारीचा अंगठा, निळ्या शाईचा, जरा फाकलेला.

मग बाईंनी शेवटचं नाव घेतलं.

"पत्रकवाली."

मी म्हटलं, गैरहजर. आणि घरी गेले.

माझी आई लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. ती ड्युटीवर होती. मग कारखान्यात जाऊन तिथेच, मशिनच्या खडखडाटात, मी कागद मांडीवर घेऊन लिहिलं. कधी नाही इतका वेळ लागला. मॅनेजरचं नाव आधी लिहिलं, त्याला उद्देशून. काय चुकलं, ते लिहिलं. ड्रमबद्दल मी म्हटलं ते खरं होतं, तेही लिहिलं. ते मी आजही मागे घेत नाही. आणि यापुढे मी काय करणार, कोणत्या दिवशी, किती वाजता, ते. आईने हात पुसून सही केली. न वाचता. म्हणाली, तू लिहिलंस म्हणजे कोणाला तरी शिव्याच असतील.

शाळेत परत पोचले तेव्हा सगळे गेले होते. बाई एकट्या बसकरं गोळा करत होत्या. त्यांनी कागद वाचला, लाल पेन काढलं आणि खाली लिहिलं: 'राग – दहापैकी सात. पत्ता – दहापैकी दहा.' मग वहीत चिकटवला, हवालदारांच्या आईच्या चिठ्ठीशेजारी.

पुढच्या महिन्यात केबलवाला आला नाही. सोमवारी दुपारच्या सुट्टीत बाईंनी चिठ्ठी लिहिली आणि माझ्या हातात दिली. त्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी दारात ताठ उभी राहिले आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.